लोणारचे जिवाणू आणि नवोदित संशोधकांची परिषद

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी हे गाव ज्या लोणार तालुक्यात आहे, त्या तालुक्यातील सरोवराचे नाव जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना परिचित आहे. बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकावर अशनी आदळून तयार झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर असून, त्याच्या तळाशी साचलेले पाणी एकाच वेळी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे, आणि म्हणूनच त्यात वाढणारे सूक्ष्मजीव नदी-विहिरीच्या पाण्यात वाढणाऱ्यांहून फार वेगळे आहेत. या पाण्याचे व गाळाचे नमुने ज्या प्रयोगशाळांत तपासले गेले त्या मात्र पुणे, नागपूर, हैदराबाद अशा दूरच्या शहरांत आहेत, आणि सरोवराच्या आसपासच्या गावांत वाढून सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींना त्या अभ्यासाची माहिती बहुधा वर्तमानपत्रांतून मिळते. नमुना गावचा आणि निवाडा शहराचा, अशी ही विभागणी कमी करण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत नवोदित संशोधकांसाठी त्यांच्याच प्रदेशात भरणारी वैज्ञानिक परिषद हा अल्प खर्चाचा आणि दीर्घ परिणामाचा मार्ग आहे. अशा परिषदेत नेमके काय घडते, जिवाणूंच्या अभ्यासाला तिची विशेष गरज का असते आणि लोणारसारख्या ठिकाणी ती कशी उभी राहू शकते, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

खाऱ्या पाण्यातील सृष्टी

लोणारच्या सरोवराशी माणसाचा संबंध जुना आहे आणि तो बराच काळ त्यातील क्षारांमुळे टिकून होता. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर व गाळात सोड्याचे थर दिसू लागत, आणि दल्ला, पापडी, भुसकी, खुप्पल अशा नावांनी ओळखले जाणारे त्यांचे प्रकार काढून विकले जात. काच व साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ या परिसरात मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथातही आढळते. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची दखल घेतल्यानंतर हे विवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला, आणि प्रचंड दाबाखाली खनिजांची काच झाल्याचे पुरावे मिळाल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आघाताच्या बाजूने मिटला. २००० साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२० साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला.

पाणी किती आम्लधर्मी वा किती अल्कधर्मी आहे हे दाखवणाऱ्या मापाला सामू म्हणतात. सामू ७ असेल तर पाणी उदासीन मानले जाते, आणि त्यापुढे प्रत्येक अंकागणिक अल्कता दहापट वाढते. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो, म्हणजे त्याची अल्कता उदासीन पाण्याच्या जवळपास हजारपट भरते. अशा पाण्यात सामान्य जिवाणूंच्या पेशी टिकत नाहीत, परंतु ज्यांनी पेशीच्या आतला सामू काबूत ठेवण्याची यंत्रणा विकसित केली आहे ते अल्कप्रेमी जिवाणू येथेच उत्तम वाढतात. स्पिरुलिना या नावाने बाजारात परिचित झालेले निळे-हिरवे जिवाणू सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि सरोवरातील बाकीची सृष्टी त्यांच्या आधाराने उभी राहते; तळाच्या प्राणवायूविरहित गाळात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव आहेत, आणि त्यांनी सोडलेला मिथेन अन्न म्हणून वापरणारे जिवाणूही तेथेच आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली सरोवरातील सूक्ष्मजीवांच्या विविधतेवर, आणि २०१० साली इंग्लंडमधील संशोधकांसह तेथील मिथेनभक्षी जिवाणूंवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील प्रज्ञा कानेकर यांच्या गटाने २००८ साली, प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या तेथील जिवाणूंचा तपशीलवार आढावा घेतला.

या अभ्यासाचा उपयोग ज्ञानापुरता मर्यादित नाही. अल्कधर्मी पाण्यात काम करणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढण्यासाठी लागतात, कारण साबणाचे पाणीही अल्कधर्मीच असते. जपानच्या कोकी होरिकोशी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अल्कप्रेमी जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, आणि त्यातून या विकरांच्या उद्योगाला मोठी चालना मिळाली. लोणारमधून मिळालेल्या हॅलोमोनास या वंशातील जिवाणूकडून कुजू शकणारे प्लॅस्टिक तयार करून घेण्याचे प्रयोगही पुण्यात झाले आहेत.

जिवाणू ओळखण्याची वाट

जिवाणू डोळ्यांनी दिसत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तरी त्यांच्या आकारावरून जाती ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांचा अभ्यास नेहमीच दोन वाटांनी चालतो. पहिली वाट संवर्धनाची, म्हणजे नमुन्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याची. समुद्रशैवालापासून मिळणारा अगार हा पदार्थ त्यासाठी लागणारे पोषक माध्यम घट्ट करण्यास वापरावा, ही कल्पना १८८० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट कॉख यांच्या जर्मन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी सुचवली, आणि ज्या चपट्या झाकणाच्या बशीत हे माध्यम ओततात ती कॉख यांचेच सहायक रिचर्ड पेट्री यांनी १८८७ साली प्रसिद्ध केली. या शास्त्राची दोन सर्वांत मूलभूत साधने अशा प्रकारे प्रमुखांकडून आली नाहीत, तर प्रयोगशाळेत दुय्यम समजल्या जाणाऱ्या माणसांकडून आली, ही गोष्ट नवोदितांचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी वाट डीएनएची. निसर्गातील बहुसंख्य सूक्ष्मजीव बशीत वाढतच नाहीत, हे कळल्यानंतर पाण्यातून वा गाळातून थेट डीएनए वेगळा करून त्यातील एका विशिष्ट जनुकावरून तेथे कोण राहते हे ठरवण्याची पद्धत रूढ झाली. १६एस या नावाने ओळखले जाणारे हे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक प्रत्येक जिवाणूत असते, आणि त्यातील अक्षरांच्या क्रमात जितका फरक जास्त तितके दोन जिवाणू परस्परांपासून दूरचे मानले जातात.

नवा जिवाणू सापडला असे म्हणण्यासाठी मात्र डीएनएचा पुरावा पुरेसा होत नाही. त्या जिवाणूचे शुद्ध संवर्धन, म्हणजे अन्य कोणताही जिवाणू न मिसळलेली वाढ, मिळवावी लागते. त्याचे गुणधर्म मोजून सविस्तर वर्णन प्रसिद्ध करावे लागते. आणि त्याचा प्रमाण म्हणून मानला जाणारा वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संवर्धन-संग्रहांत जमा करावा लागतो, जेणेकरून जगातील कोणालाही तो मागवून पडताळता यावा. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील एस. शिवाजी यांच्या गटाने लोणारच्या पाण्यातून या सर्व पायऱ्या पूर्ण करून २०१० साली इंडिबॅक्टर अल्कलीफिलस व नायट्रिटालिया हॅलअल्कलीफिला, आणि २०१२ साली सेसेम्बिया लोनारेन्सिस या जिवाणूंना नावे दिली. पहिल्याच्या नावात भारत आहे, तिसऱ्याच्या नावात संस्थेच्या आद्याक्षरांबरोबर लोणार आहे, आणि ही तीनही नावे आता जागतिक सूचीत कायमची नोंदली गेली आहेत.

गुलाबी रंगाचा धडा

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा या शास्त्राकडे सर्वसामान्यांचे लक्ष एकाएकी वेधले गेले. वनविभागाने नमुने गोळा केले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बदलाची दखल घेतली, आणि नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था व पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी तपासणी केली. पाऊस कमी, उन्हाने बाष्पीभवन जास्त व माणसांचा वावर टाळेबंदीमुळे नगण्य, अशा स्थितीत पाण्याची क्षारता वाढली, आणि अतिखारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव प्रचंड संख्येने वाढून त्यांच्यातील गुलाबी रंगद्रव्यामुळे पाणी रंगले, असा निष्कर्ष आघारकर संस्थेच्या अभ्यासातून निघाला. पावसाने पाणी पातळ झाल्यावर हे जीव तळाशी बसू लागले आणि रंग ओसरला.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की हॅलोआर्किया ज्या गटात मोडतात ते आर्किया आकाराने जिवाणूंसारखे दिसत असले तरी जिवाणू नाहीत; १९७७ साली कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १६एस सारख्या रेणूंच्या तुलनेवरून त्यांचा गट वेगळा असल्याचे दाखवले, आणि सजीवसृष्टीच्या वंशवृक्षाची मांडणीच त्यामुळे बदलली. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. सरोवराचा रंग, सामू व क्षारता ऋतूगणिक आणि कधी आठवड्यागणिक बदलतात, झऱ्यांचे गोडे पाणी व पावसाचा ओघ यांनी पाण्याचा स्वभाव पालटतो, आणि असे बदल टिपायचे तर वर्षातून एकदा साडेतीनशे-चारशे किलोमीटरांवरून येणाऱ्या पथकापेक्षा दर आठवड्याला काठावर पोहोचू शकणाऱ्या माणसाची नोंद अधिक मोलाची ठरते. बीबी, लोणार, सुलतानपूर, मेहकर या गावांतील विज्ञानाचा विद्यार्थी ही नोंद ठेवू शकतो. त्याला लागते ती वनविभागाची रीतसर परवानगी, मोजमापाची प्रमाण पद्धत, आणि आपली नोंद जाणकारांसमोर ठेवण्याची जागा. तिसरी गरज पुरवण्याचे काम परिषदेचे आहे.

नवोदित संशोधक आणि त्याचे एकटेपण

नवोदित संशोधक या शब्दात पदव्युत्तर विद्यार्थी, पीएचडी करणारे, पीएचडीनंतर एखाद्या प्रकल्पावर काही वर्षे काम करणारे आणि नुकतेच प्राध्यापक झालेले असे सर्व येतात. त्यांच्या हाती वेळ मोजका असतो. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली असली, तरी तिची पुढची पायरी धरून एकूण मुदत पाच वर्षांचीच असते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांनी अनेक घरांतील पहिल्या पिढीला पीएचडीपर्यंत आणले आहे, परंतु मुदतीचे बंधन तेथेही आहे. या मुदतीत जिवाणू वाढला नाही तर वर्ष वाया जाते, आणि जिवाणू न वाढण्याचे कारण अनेकदा अगदी लहान असते.

लोणारच्याच पाण्याचे उदाहरण घेता येईल. अल्कप्रेमी जिवाणूंच्या माध्यमात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, घालावा लागतो; परंतु तो बाकीच्या घटकांसोबतच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, तापवला तर क्षार खाली बसतात, माध्यम काळवंडते आणि त्यावर काहीच वाढत नाही. सोड्याचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून, थंड होत आलेल्या माध्यमात नंतर मिसळायचे असते. शोधनिबंधात ही बाब एका ओळीत येते किंवा गृहीत धरून गाळली जाते, आणि ज्या महाविद्यालयात अल्कप्रेमी जिवाणूंवर काम करणारे दुसरे कोणीच नाही, तेथील विद्यार्थी आपल्या हाताला दोष देत महिनोन्महिने तेच माध्यम पुन्हा पुन्हा तयार करत राहतो. हे काम आधी केलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटल्यावर तीच अडचण काही मिनिटांत सुटते, आणि विज्ञानाच्या परिषदांचा मोठा भाग अशाच संभाषणांनी भरलेला असतो.

परिषदेत प्रत्यक्ष काय घडते

वैज्ञानिक परिषदेची सुरुवात गोषवाऱ्यापासून होते. आपण कोणता प्रश्न घेतला, कोणती पद्धत वापरली, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, हे दोन-तीनशे शब्दांत मांडावे लागते, आणि हे शब्द जुळवतानाच अनेकांना आपल्या कामातील कच्चे दुवे प्रथम दिसतात. गोषवारे वाचून निवड समिती काहींना दहा-पंधरा मिनिटांच्या भाषणाची संधी देते, तर बहुतेकांना भित्तिपत्रक, म्हणजे आलेख व छायाचित्रे यांसह काम मांडलेला मोठा तक्ता, लावण्यास सांगते. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात रूढ होऊ लागली, आणि नवोदितांसाठी ती भाषणापेक्षाही उपयोगी ठरली, कारण तक्त्यापुढे उभा असलेला विद्यार्थी एका दुपारी वीस-पंचवीस माणसांना तेच काम समजावून सांगतो, प्रत्येकाच्या प्रश्नागणिक आपले म्हणणे सुधारतो, आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञाशी बोलताना वाटणारी भीती हळूहळू मागे टाकतो.

तरुणाच्या कच्च्या निष्कर्षाला परिषदेतून काय मिळू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण जिवाणुशास्त्राच्याच इतिहासात आहे. जुलै १९४६ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकतेवर भरलेल्या परिसंवादात, वैद्यकीय शिक्षण मध्येच थांबवून एडवर्ड टेटम यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या जोशुआ लेडरबर्ग या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, जिवाणूही आपसांत जनुकांची देवाणघेवाण करतात असे प्रतिपादन केले. पोषणाच्या वेगवेगळ्या उणिवा असलेले ई. कोलाय या जिवाणूचे दोन वाण त्याने एकत्र वाढवले होते, आणि सुमारे एक कोटी पेशींमागे एखादी पेशी अशी मिळाली होती, की तिच्यात कोणतीच उणीव राहिली नव्हती. फ्रान्सचे आंद्रे ल्वॉफ यांनी तेथेच कठोर आक्षेप घेतला: जनुके मिसळली नसून दोन वाण शेजारी वाढताना एकमेकांना पोषकद्रव्ये पुरवत असतील, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप योग्य होता, आणि त्याला उत्तर देण्यासाठी एकेक पेशी सुटी करून वाढवण्याच्या कामी मॅक्स झेले या शास्त्रज्ञांनी साहाय्य देऊ केले. पुढे निष्कर्ष टिकला, आणि १९५८ साली वयाच्या ३३ व्या वर्षी लेडरबर्ग यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ज्या सभेने त्यांना अडवले त्याच सभेने त्यांना पुढचा प्रयोग दिला, हे परिषदेचे खरे कार्य आहे.

अशी सभा न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण भारतातच आहे. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली पटकीचा रोग जिवाणूच्या प्रत्यक्ष शिरकावाने नव्हे, तर त्याने सोडलेल्या विषाने होतो हे प्रयोगाने दाखवून दिले, आणि पटकीच्या आधुनिक आकलनाचा पाया घातला. हे काम ‘नेचर’सारख्या नामवंत नियतकालिकात छापून आले तरी देशातील वैज्ञानिक वर्तुळांत त्याची चर्चा फारशी झाली नाही, आणि डे १९७३ साली निवृत्त झाल्यानंतर पाच वर्षांनी, १९७८ साली, नोबेल प्रतिष्ठानच्या पटकीविषयक परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले. त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवणाऱ्यांत जोशुआ लेडरबर्ग होते. एकाच्या कामावर पहिल्याच उन्हाळ्यात वाद झाला आणि दुसऱ्याच्या कामावर बोलण्यास जवळपास वीस वर्षे लागली. दोघांच्या बुद्धिमत्तेत अंतर नव्हते, अंतर होते ते त्यांच्याभोवतीच्या समुदायात.

आज उपलब्ध असलेली व्यासपीठे

भारतात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची जुनी संघटना, असोसिएशन ऑफ मायक्रोबायॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया, १९३८ साली स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद दरवर्षी वेगवेगळ्या शहरात भरते आणि तीत तरुण संशोधकांना पुरस्कारही दिले जातात. महाराष्ट्रात राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेला ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव महाविद्यालयापासून विद्यापीठापर्यंत व तेथून राज्य पातळीपर्यंत पोहोचतो, आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील बुलढाणा जिल्ह्याचे विद्यार्थीही त्या वाटेने पुढे जाऊ शकतात. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आपल्या अधिवेशनांतून विज्ञान मराठीत आणण्याचे काम सातत्याने करत आली आहे.

या तिन्ही व्यासपीठांचे मोल मोठे आहे, तरी त्यांच्यामध्ये एक जागा मोकळी राहते. राष्ट्रीय परिषदेचे शुल्क, प्रवास व मुक्काम यांचा भार लोणारच्या विद्यार्थ्याला झेपत नाही, आणि हजारोंच्या गर्दीत त्याच्या भित्तिपत्रकापुढे कोण थांबेल याची शाश्वती नसते. ‘आविष्कार’मध्ये स्पर्धेचा भाग प्रधान असतो, शुद्ध विज्ञानाच्या एकाच गटात अनेक विषय येतात, आणि परीक्षक जिवाणुशास्त्राचाच जाणकार असेल असे नाही. अन्य देशांत ही जागा लहान, विषयाला वाहिलेल्या आणि तरुणांनीच चालवलेल्या सभांनी भरून काढली आहे. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात दरवर्षी भरणारी जिवाणूविषयक सभा तेथील पीएचडीचे विद्यार्थी व नवोदित संशोधक स्वतः आयोजित करतात आणि बहुतेक भाषणेही तेच देतात. नामांकित गॉर्डन परिषदांना जोडून होणाऱ्या गॉर्डन परिसंवादांत ज्येष्ठांच्या आधी नवोदितांचीच बैठक भरते, जेणेकरून मुख्य परिषद सुरू होईपर्यंत त्यांची परस्परांशी ओळख झालेली असावी आणि मोठ्या सभेत प्रश्न विचारण्याचे बळ त्यांच्यात आलेले असावे.

लोणारकाठची परिषद

लोणारच्या परिसरात अशी परिषद भरवण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी महाराष्ट्रात आधीच अस्तित्वात आहेत. पुण्यात २००९ साली सुरू झालेला सूक्ष्मजीव संवर्धन-संग्रह आता राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखला जातो, आणि पेटंटसाठी लागणारे वाण जमा करून घेण्याची आंतरराष्ट्रीय मान्यता त्याला २०११ सालापासून आहे. आघारकर संस्थेकडे लोणारच्या जिवाणूंचा दीर्घ अनुभव आहे. नीरी नागपुरात आहे. या संस्थांतील चार-पाच जाणकार दोन दिवसांसाठी लोणारला आले, तर विदर्भ-मराठवाड्यातील पन्नास-साठ तरुणांना जे मिळेल ते त्यांना एकेकट्याने शहरात जाऊन मिळणार नाही, कारण येथे चर्चा संपल्यावर सर्वांना मिळून सरोवराच्या काठावर उभे राहता येईल आणि नमुना कोठून, कोणत्या खोलीवरून, किती वाजता घ्यावा याचा प्रत्यक्ष पाठ देता-घेता येईल.

अशा परिषदेने तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. पहिली भाषेची: शोधनिबंध इंग्रजीत लिहावा लागतो हे खरे असले तरी प्रश्न मराठीत विचारण्याची व उत्तर मराठीत देण्याची पूर्ण मोकळीक असली पाहिजे, कारण ज्याला विषय कळतो पण इंग्रजी अडखळते तो इंग्रजी सभेत गप्प बसतो आणि त्याच्यापाशी असलेली नोंद त्याच्याच वहीत राहते. दुसरी गोष्ट फसलेल्या प्रयोगांची: कोणत्या माध्यमावर काय वाढले नाही हे सांगण्यासाठी स्वतंत्र सत्र असावे, कारण अशी माहिती छापून येत नाही आणि ती न कळल्याने तेच श्रम ठिकठिकाणी पुन्हा होत राहतात. तिसरी गोष्ट कायद्याची व नीतीची. अभयारण्यातून नमुना घेण्यास वनविभागाची परवानगी लागते, आणि भारतातील जैविक संसाधन परदेशी पाठवण्यावर २००२ च्या जैविक विविधता कायद्याची बंधने आहेत. नव्या जातीचा वाण दोन देशांत ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आणि हा कायदा यांचा मेळ कसा घालायचा, हे तरुण संशोधकाला पहिल्या वर्षीच समजले पाहिजे.

याच कायद्याने ग्रामपंचायतींनाही एक भूमिका दिली आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी त्यात तरतूद आहे. या नोंदवहीत झाडे, पिके, पशुपक्षी यांची नोंद सहसा होते. बीबीसारख्या लोणार तालुक्यातील गावांनी परिषदेतील तरुणांच्या साहाय्याने विहिरी, झरे व शेतजमिनी यांतील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाचीही नोंद तीत सुरू केली, तर विज्ञान आणि गाव यांचा संबंध एका सभेपुरता न राहता कायमचा होईल.

परिषदेचे यश वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून मोजणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे. शुल्क भरून, नाव नोंदवून, दुसऱ्याचे एकही भाषण न ऐकता प्रमाणपत्र घेऊन परतण्याची सवय आपल्या उच्च शिक्षणात रुजली आहे, आणि तिने परिषद या शब्दाचीच किंमत कमी केली आहे. वर्षभरात किती जणांनी परिषदेत भेटलेल्या माणसाकडून पद्धत शिकून घेतली, किती वाण पुण्याच्या संग्रहात जमा झाले, सरोवराच्या सामूची व क्षारतेची नोंद किती आठवडे अखंड ठेवली गेली आणि पहिल्या वर्षी श्रोता म्हणून आलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी आपला तक्ता घेऊन आला का, हेच खरे मोजमाप आहे.

सेसेम्बिया लोनारेन्सिस या जिवाणूच्या नावात लोणार जगाच्या सूचीत पोहोचून दशकाहून अधिक काळ लोटला आहे. त्याच्यानंतरच्या एखाद्या जिवाणूचे शुद्ध संवर्धन लोणार तालुक्यातील विद्यार्थ्याच्या हातून व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. पाणी समोर आहे, शास्त्र ठाऊक आहे, जाणकार एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. विद्यापीठाने, परिसरातील महाविद्यालयांनी आणि पुण्या-नागपूरच्या संस्थांनी एकत्र येऊन दरवर्षी दोन दिवस लोणारला द्यावेत, आणि बीबीसारख्या गावांतील पालकांनी विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्या दोन दिवसांसाठी निश्चिंतपणे पाठवावे.